पेवात उतरलेला कंदील

३ सप्टेंबर १९८२, नांदेड

आलं! पाकीट हातात आहे. सरांनी कॉलेजच्या व्हरांड्यातच फोडलं आणि वाचून दाखवलं — माझं इंग्रजी अजून निम्म्या वाटेत बसून राहतं. हॉलंडची संस्था. औषध न मारता धान्य कसं टिकवायचं, यावर तिथे काम चालतं. दहा महिन्यांची संशोधनवृत्ती, राहायला खोली, जाण्यायेण्याचं विमान. परभणीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातून पळालेल्या माणसाला! सर म्हणाले, "हुरळू नको. तुला न्हाई बोलावलं, तुझ्या पेवाला बोलावलंय."

खरंच आहे. तीन वर्षं उदगीर-देगलूरकडची गावं पायी हिंडलो. जमिनीत खोदलेली धान्याची पेवं बघितली, वहीत काढली. किती खोल, तोंड केवढं, आत काय लिंपतात. सुरुवात कशी झाली तेही धड आठवत नाही — बहुतेक देगलूरच्या बाजारात बैल बघायला गेलो होतो, आणि बैल राहिले. सरांनी ती वही पाहिली, टाइप करून पाठवली. वहीच्या शेवटी आमचं घरचं पेव. सत्तर सालच्या सुगीत ज्वारीनं भरलं, त्यानंतर तोंड उघडलेलं नाही. बारा वर्षं! त्या लोकांनी नेमक्या ह्या ओळीखाली रेघ ओढली आहे.

पण मंजुरी कच्ची. पक्की कधी — तर पेव उघडायचं, शेरभर ज्वारी पाठवायची, उघडतानाचे फोटो, दोन साक्षीदारांच्या सह्या. डिसेंबरच्या आत. सोबत पासपोर्ट. मगच तिकीट. फेब्रुवारीत तिथे हजर व्हायचं.

४ सप्टेंबर

अप्पांना कसं सांगू?

१२ सप्टेंबर, गाव

सांगितलं. अप्पा दुकानात सुतळी गुंडाळत होते. गुंडाळत राहिले.

"किती लांब हाय?"

"विमानानं जायचं."

"बरं." मग सुतळीचं टोक खोचून, "आन् पेव कामून उघडायचं?"

अव्वाला दुसरीच काळजी. गळ्यातलं लिंग विमानात काढायला लावतात का? पूजा केल्याबिगर जेवू नको, तिकडे पाणी चांगलं असेल तर तीन वेळा कर. मी हो हो म्हटलं.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. ह्या पेवानंच मला गावाबाहेर काढलं. बहात्तरच्या दुष्काळात गाव खडी फोडत होतं, अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकर खात होतं, आणि गुंडप्पा वाण्याचं, म्हणजे आमच्या अप्पांचं, पेव बंद होतं. तेव्हापासून अप्पा म्हणजे नाग. धनावर बसलेला नाग. मी तेव्हा लातूरला बोर्डिंगात, तेरा वर्षांचा. सुट्टीला आलो की पोरं तोंडानं फुस्स करायची. "नागाचं पिल्लू आलं रे!" मी कुठेच टिकत नाही, ह्या गावातून त्या गावात हिंडतो, त्याचं मूळ बहुतेक तिथे आहे. जिथे मला कुणी फुस्स करणार नाही इतक्या लांब जायचं. आणि जायचं तिकीट त्याच पेवात!

पाऊस नाही. मूग-उडीद करपले. रब्बीचीही आशा लोक सोडून राहिलेत.

२० सप्टेंबर, लातूर

मीच गाढव.

सरांनी पासपोर्टचा अर्ज ऑगस्टातच भरायला लावला होता. पोलीस चौकशी काही येईना म्हणून आज लातूरला आलो. कारकून भला माणूस. कागद उलटून म्हणाला, "सोळा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला. वीस ऑगस्टला तुम्ही लिहिता, जिल्हा उस्मानाबाद! पेढे खाल्ले न्हाईत का?" खाल्ले होते. उदगीरच्या स्टँडवर तीन खाल्ले. पण जन्मभर हाताला लागलेलं नाव, हातानं लिहून टाकलं. "आता तुमचं गाव हिकडं, कागद तिकडं," कारकून म्हणाला. पुन्हा अर्ज, पुन्हा दाखला, तलाठ्याचा सही-शिक्का.

लगेच निघायचं होतं. पण बाहेर एक पेंटर जुन्या पाटीवरचं उस्मानाबाद खरवडत होता. खाली आणखी जुनी उर्दू अक्षरं निघाली, निजामाच्या वेळची. तो म्हणाला, "डब्बा धरा जरा." धरला. दुपार गेली. मुक्कामी गाडीही गेली.

६ ऑक्टोबर, नांदेड

लोकरीचा कोट शिवायला टाकला. उन्हानं डांबर पाघळलंय आणि हा शिंपी माझी छाती मोजतोय! "कुठं, काश्मीरला का?" मी हॉलंड म्हटलं तर म्हणाला, "मंग बाह्या लांब ठिवतो."

दुपारी सरांकडे जायचं होतं. त्याऐवजी उगीच गाडीत बसून मुदखेडला गेलो. फलाटावर तेलंगणातून आलेली माणसं, गाठोडी, कोंबड्या, कामाच्या शोधात. एका म्हातारीला विचारलं, तुमच्याकडे पेव असतं का? तिनं तेलगूत सांगितलं, मला अर्धं कळलं. पोट दाखवून हसली. हेच आमचं पेव!

सर रागावले. बरोबरच आहे.

२९ ऑक्टोबर, गाव

"दिवाळी होऊ दे" — अप्पा. त्याआधी "दसरा होऊ दे" होतं.

आज मी आवाज चढवला. म्हटलं, एक शेर पाहिजे, पोतं नाही. आणि ह्या साली तरी गावाला उघडून द्या, दुसऱ्यांदा नाग होऊ नका. तोंडातून निघून गेलं.

अप्पा रागावले की कानडीत जातात. "बेड!" नको, एवढंच. ताटावरून उठले. अव्वा माझ्याकडे बघतही नाही.

२ नोव्हेंबर

विहिरीत घागर टेकते. बुडत नाही.

१८ नोव्हेंबर

दिवाळी गेली, तेलाच्या हिशेबानं चारच पणत्या. आज मी दुकानात जाऊन सरळ पायांना हात लावला. अप्पा, एवढं एक. मला जाऊ द्या.

अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "बोलाव पिराजीला." मग म्हणाले, "फोटो काढायलाच पायजे का? मान्सं पायजेतच का?"

म्हटलं, साक्षीदार लागतात, अप्पा. सह्या लागतात.

"हाव. लागत असतीन."

२१ नोव्हेंबर

पिराजीबाबा आले. ह्या पट्ट्यातली निम्मी पेवं ह्यांनीच उघडली असतील. सत्तरी ओलांडली, गुडघे गेलेत, तरी कुदळ दुसऱ्याला देत नाहीत. दुपारी तोंडावरची माती खणली, कडबा काढला, शिळा वीतभर सरकवली आणि काठी आडवी टाकली. रात्रभर वाफ निघू द्यायची. बंद पेवातली वाफ माणसाला शुद्धीवर राहू देत नाही. माझ्या वहीत अशी मेलेली चार माणसं आहेत.

मी म्हटलं, बाबा, हा जोंधळा उगवेल का? हॉलंडवाल्यांना तेच बघायचंय.

पिराजीबाबा हसले नाहीत. "पेवातला खायाला असतो, लेकरा. बियाचा राखंत घालून मडक्यात ठिवतेत. यवढं हिंडलास, कुणी सांगितलं न्हाई?"

सांगितलं असेल. मी तेव्हा दुसरीकडे बघत असणार.

२२ नोव्हेंबर

लिहायला हात होत नाही. तरी लिहितो.

सकाळी नऊला सगळा गाव जमला. उदगीरचा फोटोवाला. साक्षीदार दोघे — पोलीस पाटील रामकिशन आणि शाळेचे गुरुजी. आमच्या गल्लीतली सुभद्राबाई सगळ्यांच्या पुढे, कमरेवर हात. "उघडा, उघडा! आमची लेकरं लाल भाकर खाऊन हगवणीनं वाळली, बघू तरी हिथं काय मुरलं ते!" माणसं हसली. अप्पा ओट्यावर, हात मांडीवर.

शिळा पुरती काढली. आधी कंदील सोडतात. भरलेल्या पेवात तो हातभर गेला की वाफेनं विझतो. मग बाहेर काढायचा, सुपानं वारा घालायचा, पुन्हा सोडायचा. न विझता ज्वारीवर टेकला की माणूस उतरतो. मी हे कितीदा पाहिलंय.

पिराजीबाबांनी कंदील सोडला. हातभर गेला. विझला नाही. दोन हात. तीन. दोरी जातच राहिली. मी फोटोवाल्याला म्हणालो, काढ, आता टेकेल. पाच हात. सहा. दोरी संपत आली आणि खाली, पार तळाला, कंदील झकास जळत होता. भोवती उघडा तळ. त्यावर एक कुजकं फडकं.

कुणीतरी म्हणालं, "रिकामं हाय की!"

मग एकच कालवा. विकला! काळ्या बाजारात विकला! गाव मरत होतं आणि ह्यानं हैदराबादला ट्रक पाठवले! सुभद्राबाईचा आवाज सगळ्यांवर. रामकिशन पाटलानं टोपी काढली, घातली आणि निघून गेला. गुरुजी म्हणाले, "सही कशावर करू रे?"

अप्पा ओट्यावर तसेच. फोटोवाल्यानं विचारलं, "काढू का न्हाई?" मी कुणाकडेच बघितलं नाही.

२३ नोव्हेंबर

पिराजीबाबांच्या घरी गेलो. ते दोरी गुंडाळत होते. मी म्हटलं, तुम्हाला काल नवल वाटलं नाही.

"कशाचं वाटंल? बहात्तरात मीच रितं केलं की."

दीड महिना. अंधार पडला की पिराजीबाबा उतरायचे, अप्पा वरून ओढायचे. एकेका घरी एकेक पोतं, कुठे दोन. फुकट. एका घरी गेलं ते दुसऱ्या घराला कळायचं नाही. मी विचारलं, मग सांगितलं का नाही?

"लेकी हुत्या ना त्या घरांत! मोठमोठी घरं ती. ह्यांच्याकडं दाणा न्हाई आसं फुटलं आस्तं तर त्या पोरींना कुणी करून घेतलं आस्तं? गुंडप्पानं लिंग हातात घेऊन शब्द दिला एकेकाला. मंग वरून शिळा, माती, कडबा. भरलेलं दिसलं पायजे."

"आणि काल जे ओरडत होते?"

पिराजीबाबा दोरीकडे बघत म्हणाले, "जी तोंडं लई वाजली त्यातली तीन मीच भरली. नावं इचारू नको. भ्यालेलं मानूसच लई वराडतं."

२५ नोव्हेंबर

अप्पांसमोर बसलो. मला परवा कळलं, म्हटलं. आणि मी तुम्हाला काय काय बोललो.

"तू ल्हान हुतास."

गेल्या महिन्यात बोललो, अप्पा.

"तरी ल्हानच."

मी म्हटलं, चावडीवर जाऊन सांगतो. आता लेकी कधीच नांदायला गेल्या, नातवंडं झाली. अप्पा म्हणाले, "त्यांच्या सासवा जित्त्या हायत." आणि पुढे, "शब्दाला साल नसतं, वीरभद्रा."

मग आपणहून म्हणाले, "तुझं मात्र माझ्यामुळं मोडलं." मी उठून बाहेर गेलो.

३० नोव्हेंबर, नांदेड

सरांच्या खोलीत एक म्हणाला — त्यांचा कॉलेजातला सोबती, नाव लिहीत नाही — "अरे, कुठल्याही पेवातली ज्वारी पाठव! तिथे कोण वय विचारतंय दाण्याला? सह्या मी मिळवून देतो." सर खिडकीबाहेर बघत होते.

अर्धा दिवस गुरुद्वाऱ्यात पंगतीत बसून काढला. मागून दोन वेळा वाढून घेतलं. कुणी नाव विचारत नाही, कुणाच्या शेतातलं तेही सांगत नाहीत. तिथेच ठरलं.

हॉलंडला लिहून टाकलं. पेव रिकामं निघालं. माझी माहिती चुकीची होती. का रिकामं, ते लिहिलं नाही. ते मला थापाड्या समजतील. समजू देत. अप्पांनी दहा वर्षं काढली, मला एक पत्र काढायचं आहे.

कोट तयार आहे म्हणून शिंप्यानं हाक मारली. नेला.

१६ डिसेंबर, गाव

पासपोर्ट आला. जिल्हा लातूर. सगळं बिनचूक. अव्वानं हळदकुंकू वाहिलं आणि कपाटात ठेवला.

२९ डिसेंबर

चार ओळी. खेद आहे. मंजुरी देता येत नाही.

३ जानेवारी १९८३

गावात अप्पांचं नवं नाव — 'ट्रकवाला'. दुकानात गिऱ्हाईक कमी. सुभद्राबाई मात्र मीठ घ्यायला आली. पैसे ठेवले, पण लगेच गेली नाही. खांबाला धरून, लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत उभी राहिली. अप्पा म्हणाले, "आनखी काय पायजे का?" मान हलवली आणि गेली.

मी कुठे निघालो नाही अजून. महिना होत आला. माझं मलाच नवल.

५ जानेवारी

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं लहानसं मडकं. तोंडाला शेणमाती. फोडलं. वर राख. राखेत ज्वारी, दोन पसे असेल. मी तळहातावर घेतली आणि बसलो. बारीक, पिवळट, बुडाशी तांबडा ठिपका. हा दाणा संकरित आल्यापासून ह्या भागात कुणी पेरत नाही. माझ्या वहीत एकदाच आहे. आमच्या पेवाच्या पानावर, सत्तरच्या सुगीतला.

कुणीतरी त्या पोत्यातला पसा-दोन पसे बाजूला काढला होता. घरात लेकरं मिलो खात असताना. परत करायला.

अप्पांना दाखवला. त्यांनी दाणा दातात धरून बघितला. बराच वेळ गिळला नाही. मग म्हणाले, "फडकं जाळून टाक."

काठ ओळखीचा होता. मी जाळलं. काठ बघितला नाही, असं इथे लिहून ठेवतो.

९ जानेवारी

वीस दाणे ओल्या कापडात ठेवले होते. आज सहा उगवले. साक्षीदार दोन लागतात. एक मी. दुसऱ्याचं नाव मला माहीत नाही.