निजायच्या खोलीतले पेअर

प्रिय होनोरीनताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. भावोजींचा गुडघा आता कसा आहे? कोंबड्या अंडी देऊ लागल्या का? आमची खुशाली विचारशील, तर पेअर मजेत आहेत. मी खोकतेय.

ताई, आता हद्द झाली बघ! आपल्या रूआं भागात पास-क्रासान जातीचे पेअर कोण साठवत नाही? दगडासारखे कडक असताना उतरवायचे, देठाच्या टोकाला लाल लाख लावायची (रस उडू नये म्हणून) आणि नव्या वर्षापर्यंत गारव्यात ठेवायचे. पण लोक ते माळ्यावर ठेवतात! यंदा माळ्यावर उंदीर झाले, तर माझ्या नवऱ्याने, एव्हारिस्तने, सगळी फळं आमच्या निजायच्या खोलीत आणून मांडली. उत्तरेची खोली त्यांना मानवते म्हणे. तेव्हापासून तिथली शेगडी बंद, आणि मी टोपी, मोजे, शाल असा सगळा संसार अंगावर घेऊन झोपते. बरं, फळं तरी देखणी असावीत? बसकी, जाड खरबरीत सालीची, अंगभर तपकिरी ठिपके! रोज उठल्याउठल्या नवरा एकेकाच्या देठाशी अलगद अंगठा दाबून बघतो. (लग्न झाल्यापासून माझ्या कपाळाला कधी हात लावून बघितला असेल तर शपथ.)

परवा डॉक्टर आले. म्हणाले, "बाईंना ऊब हवी, शेगडी पेटवा." आमचा नवरा विचारतो, "पेटवली तर ही आधीच पिकतील का हो?" आणि तो मेला डॉक्टर माझा हात सोडून फळांकडे वळला! "छे छे, यांना हलवू नका. पेशंटलाच हलवा." मला मेलीला कुठे हलवणार, स्वयंपाकघरातल्या बाकड्यावर?

म्हणून मी ठरवलंय. शनिवारच्या गाडीने तुझ्याकडे येते, ती कायमची. नवऱ्याला तसं सांगितलं, तर म्हणाला, "जाताना दार हळू लाव हं, फळं हादरतात." शेगडीची खोली तयार ठेव.

तुझी वैतागलेली,
फिलोमेन

ता. क. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात एव्हारिस्त पहिलं पिकलेलं फळ कापून घेऊन आला. गाभ्याजवळचा, दाताखाली कचकचणारा भाग स्वतः घेतला, मऊ भाग मला दिला. पांढराशुभ्र गर, किंचित आंबट, जिभेवर ठेवला की विरघळतो. रस पार कोपरापर्यंत आला गं. शनिवारचं राहू दे.

आणखी एक. थंडी फार वाढलीय, तुझ्याकडची पिसांची रजई पाठव. दोन पाठव. एकच आली तर ती कोणाच्या अंगावर जाईल, तुला ठाऊक आहे.