आमच्या रानातला पिंगळा

सोम. १२ फेब्रु.
पयली आली शेजारची शेवंता. "काकी, तुमच्याकडं पुण्याची गाडी वळलीय, गळ्यात दुर्बिणी हायत. मोजणीवाले दिसत्यात." तिचा चहा उकळूस्तवर गाडी दारात. एक सर आन् वर्षा नावाची पोरगी. सर म्हनले, "आजी, तुमच्या नातीनं नेटवर अंधुक फोटो टाकलाय ना, रानपिंगळा म्हणून? शंभर वर्षं तो कुणाला दिसलाच नव्हता, मग सातपुड्यात सापडला."
म्हनलं, आमच्या रानातच हाय, उसाच्या बांधाला कडूलिंबाच्या ढोलीत. सर चहा टाकून पळाले.
दुर्बीण लावली आन् हसाय लागले. "डोक्यावर ठळक ठिपके आहेत, आजी. साधा पिंगळा. रान म्हणजे आम्हाला जंगल वाटलं." नातीला मीच सांगितलं हुतं तसं लिवायला. आमचं रान म्हंजी ऊस आन् कांदा. वर्षा हसून हसून बांधावरच बसली. गुणी पोरगी, भाकरी दोनदा मागून घेतली.

मंगळ. १३
लेक दत्ता म्हनतो, "साधाच निघाला ना? मग गुरुवारी करवतवाला येतोय. लिंबाची सावली पडती उसावर." म्हनलं, मादी अंड्यावर बसलीय रे. "बसंल दुसरीकडं."
जेवण गेलं न्हाई. नातीकडून वर्षाला फोन लावला. "उद्याच येतो, आजी."

बुध. १४
आले. वरवंडची भेळ आणली, तिखट हुती. सरांनी लिंबाखालच्या काळ्या गोळ्या येचल्या. पचत न्हाई ते पिंगळा असं ओकून टाकतो म्हनं. काडीनं फोडल्या तर उंदराचे दात, किड्यांचे पंख. दत्ता लांब उभा हुता, हळूच जवळ आला. "आमच्या उसातलाच का ह्यो उंदीर?"
सर म्हनले, "दुसऱ्याच्या रानात जेवायला जात असेल, तर आपल्याला माहीत नाही."
दत्ता हसला. लई दिसांनी.
तिन्हीसांजंला नर फांदीवर आला. मान खालवर करत आमच्याकडं बघत बसला, अगदी माझ्या थोरल्या जावंसारखा.

गुरु. १५
करवतवाला आला. दत्तानं त्याला चहा पाजला. "पिलं उडूस्तवर ऱ्हाऊ दे. मग बघू." मग बघू म्हनला, ठेवतो म्हनला न्हाई. तरी आज दोन भाकरी खाल्ल्या.
वर्षाचा फोन, पिलं बघायला रवि. १७ मार्चला येतो. क्यालेंडरात त्या चौकटीत पिंगळा काढून ठेवलाय, डोक्यावरच्या ठिपक्यांसकट.