किरणांचा बळी

५ जानेवारी
रुग्णालयाचे प्रमुख डॉ. सालोंनी बोलावून घेतलं. एक्स-रे विभागातल्या किरण-सुरक्षेचं काम मार्चपर्यंत माझ्याकडे. नीट केलं तर विभागप्रमुखाची जागा कायमची माझी. ते 'तर' त्यांनी उगाच घातलं. माझ्यासोबत काम करणाऱ्या लोर्नालाही ती जागा हवी होती. अभिनंदन म्हणाली, पण तोंड एवढंसं. मनाला लावून घेतलं नाही. मोठ्या पदावरच्या माणसाने घेऊ नये.

६ जानेवारी
संकल्प: कुणाच्याही अंगावर गरजेपेक्षा जास्त किरण पडू देणार नाही. सुरुवात घरापासून. रिनेला मायक्रोवेव्हपासून चार पावलं लांब उभं केलं. बायको असून म्हणाली, मग तूच गरम कर. केलं. सूप उतू गेलं.

९ जानेवारी
अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बॅज प्रत्येकाने कॉलरला लावायचा आणि महिनाअखेरीला लॅबला पाठवायचा, असा नियम. लोक विसरतात. एकाने पँटबरोबर धुऊन काढला. लोर्ना कधीच विसरत नाही, हे जरा संशयास्पद आहे.
मी युक्ती केली. माझा बॅज शिशाच्या एप्रनलाच अडकवला, लॅबला पाठवण्यापुरता काढायचा. एप्रन दोन नंबरच्या खोलीत, छातीचा फोटो काढायच्या स्टँडशेजारच्या खुंटीवर. खुंटीवर माझं नाव चिकटवलं. आता विसरायचा प्रश्नच नाही.

१७ जानेवारी
गावभर खोकला. दिवसभर छातीचेच फोटो. फोटो घेताना मी नियमाप्रमाणे किरण अडवणाऱ्या काचेमागे. लोर्ना म्हणाली, व्हर्लिन, तो एप्रन बाहेर टांगत जा रे बाबा. खुंटीवरचं नाव तिला बघवत नाही. दुर्लक्ष केलं.

२५ फेब्रुवारी
लॅबचा डॉ. सालोंना फोन. विभागातला एक बॅज मर्यादेच्या कितीतरी वर गेलाय. नाव उद्या कळवणार. मला आजच माहीत आहे. लोर्नासाठी समजुतीचं भाषण लिहून काढलं. कडक, पण मायेचं. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं.

२६ फेब्रुवारी
माझं नाव.

२६ फेब्रुवारी, दुपार
लोर्नाने खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाली, आधी तुझी ती खुंटी बघू या ना. इथे माणूस मरणाच्या दारात आणि हिला खुंटी सुचते. मोठ्या मनाने माफ केलं.
संध्याकाळी रिनेला सांगितलं. ती म्हणाली, मरणारा माणूस तीनदा ओव्हनमधली हॉटडिश वाढून घेत नाही. मग मात्र माझा हात धरून बराच वेळ बसून राहिली. मला भीती वाटते आहे. हे फक्त इथे लिहितो.

२८ फेब्रुवारी
केस गळायला लागले. रिने म्हणाली, ते लग्नापासून गळतायत.
चर्चमध्ये पाद्रीबाबांनी माझ्यासाठी प्रार्थना सांगितली. स्वयंपाकघर बघणाऱ्या अर्लिसने तिथल्या तिथे जाहीर केलं, आठ तारखेला माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये व्हर्लिनसाठी पैसे जमवायला स्पॅगेटीचं जेवण. इथे कुणी आजारी पडलं की स्पॅगेटी ठरलेलीच. मी एकदा नको म्हणालो. मग पोस्टरसाठी फोटो निवडून दिला. डाव्या बाजूने मी जास्त खंगलेला दिसतो.

३ मार्च
डॉ. सालोंना म्हणालो, कामावर असताना माझं जे झालं त्याची जागा भरताना दखल घ्यावी. ते म्हणाले, जरूर घेऊ. माणूस सज्जन आहे.

६ मार्च
मिनियापोलिसहून किरणतज्ज्ञ आले, मिस्टर ओबेंग. माझं रक्त तपासून झालं होतं, उत्तम निघालं. त्यांनी विचारलं, बॅज कुठे असतो? मी अभिमानाने खुंटी दाखवली. त्यांनी एप्रन काढून तिथे मीटर टांगला, सगळ्यांना काचेमागे नेलं, स्टँडकडे एक शॉट मारला. आकडा बघून म्हणाले, एवढे दिवस किरण खाल्ले ते तुमच्या एप्रनने. तुम्ही काचेमागे सुखरूप होतात.
मग माझ्या अंगावर किती पडले, विचारलं. म्हणाले, ते कसं सांगू, बॅज तुमच्या अंगावर होताच कुठे?
मी निदर्शनास आणलं की बॅजने काम मात्र चोख केलं. डॉ. सालोंनी ते लिहून घेतलं नाही. लोर्नाने मला पुन्हा खुर्ची दिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

७ मार्च
जागा लोर्नाला. राजकारण.
अर्लिसला फोन करून जेवण रद्द करायला सांगितलं. म्हणाली, दोन पातेली सॉस तयार आहे, तो आता तुझ्या तब्येतीसाठी थांबणार नाही.

८ मार्च
हॉल भरलेला. केकवरचं 'व्हर्लिन, लवकर बरा हो' सुरीने खरवडून तिथे 'अभिनंदन लोर्ना' लिहिलेलं. जो तो येऊन मला खालीवर न्याहाळत होता. म्हणजे काहीच झालं नाही तुला? अगदी काहीच नाही? एक म्हातारे म्हणाले, आम्ही तर एवढ्या बर्फातून आलो.
मी सगळ्यांची माफी मागितली. कशाची, ते मला अजून कळलेलं नाही. अर्लिसने माझ्या हातात डाव दिला आणि म्हणाली, धडधाकट आहेस ना, मग वाढायला लाग. वाढलं. लोर्ना दोनदा आली, दोन्ही वेळा आभार मानून गेली.
तब्येत ठणठणीत असल्याचं इतकं वाईट मला आजवर कधी वाटलं नव्हतं.