शेवटच्या राक्षसाची किंकाळी

मंगळवार, दुपारी

प्रिय गट्टू,

अनेक आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून सोडून देतोस, म्हणून शेवटी कागद घेतला. माझं अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे, सांभाळून घे. आई तुझ्याकडे राहायला गेल्यापासून तुझी खुशाली तिच्याकडूनच कळते. खोकला गेला म्हणे. बरं झालं.

आधी खेळाचं सांगते, बाकीचं बोलायला मला जड जातं. आपण दोघांनी बनवायला घेतलेला खेळ पूर्ण झाला. लहानपणी त्या जुन्या कॉम्प्युटरवर खेळायचो तसाच हुबेहूब: जाडेभरडे ठिपके, हातात बंदूक, दिसेल त्याला गोळी. तपासायला बारा जणांना दिला होता. पहिल्या खाणीतच सगळे खूश. दुनळीचा बार जवळून काढला की ते डोळे नसलेले खाणकामगार फुटतात, तुकडे छताला चिकटतात आणि आपण पुढे गेल्यावर मागे टपटप पडतात. जितकं खाली उतरावं तितके वर आकाशातले तारे कमी होतात. सातव्या पातळीवर भिंती श्वास घ्यायला लागतात, तेव्हा एका दणकट गड्याने हेडफोन काढून ठेवले आणि पाणी मागितलं.

तुझे राक्षस सगळ्यांना आवडले. मातीचा पुतळा करायचा, फिरत्या पाटावर ठेवून आठ बाजूंनी आठ फोटो काढायचे आणि तेच खेळात घालायचे, असं हल्ली कोण करतं? मी सांगते, माझा भाऊ करतो. ‘करायचा’ म्हणायला जीभ वळत नाही.

आणि शेवटचा राक्षस, ‘तळातला’. जगाच्या बुडाशी झोपलेला, ज्याच्या नुसत्या जागं होण्याने तारे विझतात. त्याचे सातच फोटो आहेत. आठवी बाजू मी दुसरा फोटो आरशातल्यासारखा उलटा करून भागवली. कोणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्या पहिल्या नजरेत येईल.

आठवा का नाही, हे आपण दोघांनी डॉक्टरांना सांगितलंच आहे. लोखंडी स्टँड तुझ्या हातावर पडला. आईलाही तेच सांगितलं. तू मूग गिळून बसलास आणि मी त्यावर वर्ष काढलं.

त्या दिवशी मी खेळासाठी हाडं मोडल्याचा आवाज रेकॉर्ड करत होते, आठवतं? समोर भोपळा, हातात लाकडी हातोडी, माइक चालू. तू पलीकडच्या टेबलावर पाट फिरवत होतास. सातवा फोटो झाला आणि मी सहज बघायला आले. ते तोंड बघितलं. आ वासलेलं, दात विचकलेले, भुवया एकत्र आलेल्या. ते माझं होतं.

मी विचारलं, “हे काय आहे?”

तू म्हणालास, “तूच म्हणालीस ना, आजवर बघितलेलं सगळ्यात भयंकर असेल ते कर. रागावलीस की तू अशी दिसतेस, ताई. मी पाचवीत असल्यापासून बघतोय.”

तू हसून म्हणाला असतास तर मी तुझा कान पिळला असता आणि विषय संपला असता. तू हसला नाहीस.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे शेजारीपाजारीही सांगतील. पहिला घाव मी पुतळ्यावरच घातला, देवाशप्पथ. पुतळा वाचवायला तू हात मध्ये घातलास. तो अपघात होता असं तू मानतोस, म्हणून तर डॉक्टरांपुढे खोटं बोललास.

पण घाव दोन होते, गट्टू. तू वेदनेने खाली वाकला होतास, तुला कळलं नसेल. दुसरा घाव मी हात बघून घातला. बोटं पाटावर पसरलेली होती, मधल्या बोटातून रक्त मातीत मुरत होतं, आणि मी हातोडी पुन्हा उचलली. हाड मोडल्याचा आवाज भोपळ्यासारखा मुळीच येत नाही.

माइक चालूच होता.

अकरा सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे. ते मी पुसलं नाही. त्यातली चार सेकंदं काढली, वेग निम्मा केला, वर गुहेचा घुमारा चढवला, आणि ‘तळातला’ मरताना तीच किंकाळी ठेवली. बाराही जणांनी विचारलं, हा आवाज कुठून आणला? मी म्हणाले, गंजलेल्या नळाचा आहे. मला शाबासकी मिळत होती आणि मी ती घेत होते.

गेल्या रविवारी आई तुझी कोरण्यांची पेटी न्यायला आली. ती आत चहा करत होती, मी बाहेर शेवटची पातळी तपासत होते. राक्षस मेला. आई हातात गाळणी घेऊन धावत बाहेर आली.

“गट्टू आलाय? कुठे पडला तो?”

निम्मा वेग, घुमारा, सगळं लपवूनही तिने ओळखलं. मग मी तिला पूर्ण अकरा सेकंदं ऐकवली. तिने गाळणी टेबलावर ठेवली आणि विचारलं, “स्टँड दोनदा पडतो का गं?”

मी रडले. तिने जवळ घेतलं नाही. “मी त्याला काही सांगणार नाही. तूच लिही,” एवढं बोलून पेटी घेऊन गेली. चहा गॅसवर उतू गेला.

त्या संध्याकाळी मी किंकाळी खेळातून काढली. मूळ रेकॉर्डिंगची एकच प्रत या पाकिटातल्या पेन ड्राइव्हवर आहे, माझ्याकडे आता नाही. तू ते डॉक्टरांना ऐकव, पोलिसांना ऐकव, नाहीतर फोडून टाक. खेळ ठरल्याप्रमाणे शुक्रवारी बाहेर पडणार नाही, मी कळवलंय. तुझे राक्षस तुझ्या होकाराशिवाय कुठेही जाणार नाहीत. ते तोंडही मी बदललं नाही. ते बरोबर आहे.

काल एका तपासणाऱ्याने कळवलं, “शेवटचा राक्षस मरताना काहीच आवाज करत नाही. चूक राहिली का?”

मी लिहिलं, “नाही. तो वर्षभर गप्पच राहिला होता.”

तुझी दोन बोटं अजून वळत नाहीत, असं आई म्हणाली. माफ कर असं लिहिणार होते, पण ते मागायच्या आधी खरं सांगायला हवं होतं, म्हणून आज एवढंच.

ज्या हातात हातोडी होती त्याच हाताने,
ताई