गढूळ आसवाची बाटली

॥ श्री ॥
भोर, चैत्र शुद्ध पंचमी, शके १८६०

रा. रा. रखमाजी व्याही, मु. पासली, यांस सोनबाचा रामराम वि. वि.

इकडील क्षेम असं लिहिण्याचा रिवाज आहे म्हणून लिहितो. क्षेम काही नाही. तुमची कन्या फुलाबाई सून म्हणून आली तेव्हा तिला मी आमच्या कारखान्यात द्राक्षासव गाळायला बसवलं. आसव म्हणजे औषध. बाळंतिणी, म्हातारी माणसं विश्वासानं घेतात. बाटली दिव्यापुढं धरली की पलीकडची वात दिसली पाहिजे, मगच बूच मारायचं, ही माझी रीत. यंदा एकाही बाटलीतून वात धड दिसत नाही. फडकं चौपदरी करून पुन्हा गाळायला लावलं, तरी तेच. विचारलं तर निवळ आहे म्हणून मलाच सांगते. दिव्याच्या काचेवरची काजळीसुद्धा तिच्यानं पुसवत नाही.

चिमाजी माझा मुलगा खरा, पण बायकोपुढं मुका झाला आहे. अक्षय्यतृतीयेच्या आत लेकीला घेऊन जावं. खोटं वाटेल म्हणून गढूळ बाटली पुरावा म्हणून बिरू धनगराच्या हाती पाठवली आहे. लोभ ठेवायचा की नाही ते ती पाहून तुम्हीच ठरवा.

सोनबा

॥ श्री ॥
पासली, चैत्री पौर्णिमा

रा. रा. सोनबा व्याही यांस रखमाजीचा रामराम वि. वि.

मला वाचता येत नाही हे तुम्हाला ठाऊक. तुमचं पत्र शाळेच्या मास्तरांनी चावडीवर वाचलं, तेव्हा माझ्या लेकीची बदनामी सगळ्या गावानं ऐकली. मास्तरांनाही घाम फुटला, कारण तुमची एक ओळ दुसरीच्या अंगावर चढलेली. रागात हात असा चालतो तर जीभ कशी चालत असेल, आणि पोरगी ती रोज ऐकते.

बाटली उन्हात धरली. तिच्यातून मला माझं भाताचं खाचर दिसलं, बांध दिसला, बांधावरची म्हैस दिसली. गावानंही पाहून घेतलं. मग आमच्या आईनं खोकल्यावर म्हणून तो पुरावा पिऊन टाकला आणि आता तिला आणखी पुरावा हवा आहे.

सून नकोशी झाली असेल तर सरळ सांगा, आसवावर खापर फोडू नका. नाचता येईना अंगण वाकडं. आणि आसव आंबवायला लागणारी धायटीची फुलं आमच्या डोंगरातून येतात हे विसरू नका. यंदा एक पाकळी खाली उतरणार नाही. तृतीयेच्या आधी गाडी घेऊन येतोच. लोभ असावा असं मास्तरांनी आपल्या मनानं लिहिलं आहे, माझं म्हणणं नाही.

रखमाजी

॥ श्री ॥
भोर, चैत्र वद्य षष्ठी

ती. आबांस, फुलीचा शि. सा. न. वि. वि.

गाडी जुंपू नका. आणि हे पत्र चावडीवर नको. मास्तरांना घरी बोलावून वाचून घ्या. मला मामंजींचा राग आला आहे आणि तुमचाही. दोघांनी माझ्यावरून भांडण मांडलं, पण मला कुणी विचारलं नाही.

आसव निवळच आहे. गढूळ झालेत ते मामंजींचे डोळे. परवा उंबऱ्याला ठेचकाळले, तर उंबरा कुणी उंच केला म्हणून घर डोक्यावर घेतलं. पण बाटली पारखणं हा त्यांचा मान आहे. तो गेला तर त्यांनी दिवसभर करायचं काय? म्हणून मी बोलत नाही, आणि घरधन्यांनाही बोलू दिलेलं नाही.

सारखं गाळलं तर आसवाला वारा लागतो आणि ते आंबट होतं. म्हणून मामंजी पुन्हा गाळ म्हणाले की मी मागच्या खोलीत पाणीच या घागरीतून त्या घागरीत ओतते. ते ओट्यावरून ऐकतात आणि घडीभर शांत होतात. बोलणी खाते, पण माल शाबूत आहे. फुलं मात्र पाठवा. आजीला दंडवत. रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची फुली

॥ श्री ॥
भोर, चैत्र वद्य द्वादशी

रा. रा. रखमाजी व्याही यांस सोनबाचा रामराम वि. वि.

अक्षर तुमच्या लेकीचं आहे. मी सांगतो, ती लिहिते.

मी संतापलेलो आहे, हे आधी लिहवतो. तुमच्या लेकीनं मला फसवलं. माझा उभा जन्म आसव गाळण्यात गेला. आसव फडक्यातून संथ उतरतं, पाणी बडबड करतं. परवा मागच्या खोलीत बडबड ऐकली, उठून गेलो, घागरीत बोट बुडवून चाटलं. निव्वळ पाणी. शेवटी चिमाजीनं तोंड उघडलं, तेही मी काठी उचलल्यावर.

मग बाटली दिव्यापुढं धरली. नंतर बाटली खाली ठेवून नुसता दिवाच पाहिला. तोही गढूळ होता. फार वाईट वाटलं, व्याही. आता रागवायचं कुणावर तेही कळेना.

डॉक्टर म्हणतो मोतीबिंदू आहे, पिकला की काढू. माझे डोळे म्हणजे काय आढीतले आंबे आहेत? तोवर बाटल्या फुलाबाई पारखील, बूच तिच्या हुकमानं बसेल. चव मात्र मीच घेणार, त्यात कुणी पडू नये.

गाडी आणा, पण धायटीची फुलं भरून. जाताना रिकामी न्या, वाटल्यास तुमच्या आईसाठी पुरावे न्या. पहिलं पत्र चावडीवर वाचलंत, तसं हेही तिथंच मोठ्यानं वाचवा: सोनबाची सून शहाणी आहे, चूक सोनबाची झाली. हे वाक्य लिहायला ती तयार नाही. मी दोनदा सांगितलं. तिनं लिहिलं की नुसती लेखणी फिरवली, ते मला दिसत नाही. पत्रात सापडलं नाही तर बिरूकडून निरोप धाडा, मी पुन्हा लिहवीन. तुटू पाहणारा लोभ दोन्हीकडून धरून ठेवू.

सोनबा

ता. क. आबा, लिहिलं आहे.
फुली