भिवरीला जिवंत ठेवण्याबाबत

चंदीगड, सोमवार

तीर्थस्वरूप लीलाआत्या,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतात, उरलेली तीन टेकली असं समजून घे.) तुझ्या गुडघ्यांची चौकशी चित्राने पुन्हा पुन्हा करायला सांगितली आहे, ती इथे एकदाच घाऊक केली असं धर. मिरजेच्या वाचनालयातून निवृत्त झालीस तरी तुझी खोड गेलेली नाही. पुस्तकं पाठवतेस आणि वर चिठ्ठी, ‘तिकडच्या वाचकांचं मत कळव.’ तर ‘काजळकोट’चे तिन्ही भाग पोचले. मत कळवतो. फक्त पत्र अर्ध्यात ठेवून भाजी हलवायला उठू नकोस, कारण मजकूर एकमेकांत गुंतलेला आहे.

आधी माझं मत. तुला ठाऊकच आहे, मी अकरावीनंतर कॉलेजची पायरी चढलो नाही. विजेच्या मोटारींचं वाइंडिंग जळक्या मोटारी उकलून शिकलो आणि साहित्य तुझ्या वाचनालयातल्या कपाटांमागे बसून. दोन्हीकडे गुरू नसल्यामुळे मला लेखक सहसा फसवू शकत नाही. अंधार, चेटूक, शाप असलं वाचायचं माझं वय नाही, असं म्हणतच मी पहिला भाग सेक्टर ४३ च्या बसमध्ये उघडला. माझं वर्कशॉप पिंजौरला. पिंजौर कधी मागे पडलं कळलं नाही. काल्क्याला कंडक्टरने खांदा हलवून विचारलं, ‘भाईसाब, शिमला जाना है क्या?’ यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक मी कुठल्याही पुस्तकाला देऊ शकत नाही. (परतीचं तिकीट काढताना दुसरं प्रकरणही वाचून झालं.)

काय कल्पना आहे, आत्या! किल्ल्यात अंधार रोज एक पायरी वर चढतो, आणि तो ज्याला शिवेल त्याला त्याची सख्खी माणसंसुद्धा विसरतात. त्याला थोपवते ती दिवेकरीण भिवरी, आणि प्रत्येक दिवा लावताना तिची स्वतःची एक आठवण जळते. वाचून मी दोन दिवस वर्कशॉपमधल्या पोरांना नावाने हाका मारत होतो, उगाच, खात्री करायला.

तरी तपशिलाच्या बाबतीत मी कुणाची गय करत नाही. पहिल्या भागात भिवरी पेटता दिवा घोंगडीखाली लपवून अख्खा कोट ओलांडते. मी म्हटलं, बाई, कापूस म्हणजे काय, लोकर म्हणजे काय, तुला माहीत आहे का? प्रयोग केल्याशिवाय बोलायचं नाही हा माझा नियम. घोंगडी नव्हती, म्हणून चित्राची कुलूची शाल घेतली, मोहरीच्या तेलाचा दिवा लावला आणि गच्चीवर चालायला सुरुवात केली. पाण्याच्या टाकीपर्यंत पोचायच्या आत शालीने मत दिलं. धूर पाहून शेजारचे नरेशजी ‘आग! आग!’ करत बादली घेऊन धावले आणि आगीला सोडून माझ्यावर ओतली. मी ओल्या अंगाने लेखिकेला खरमरीत पत्र लिहायला बसलो. संदर्भासाठी पान उलटलं तर पुढच्याच पानावर भिवरी दिव्यावर भोकं पाडलेलं मडकं पालथं घालते! म्हणजे बाईंनी हा विचार केला होता. मीच एक पान आधी पेटलो. (त्या मडक्याचाही प्रयोग केला. बरोबर आहे. भोकं मात्र खालच्या अंगाला हवीत.) तेव्हापासून माझा या लेखिकेवर पूर्ण विश्वास आहे. शालीबद्दल चित्राला कसर लागली असं सांगितलं आहे.

आता मुख्य गोष्ट. आपली ईश्वरी. जन्म इथला, नोकरी मोहालीला. मराठी सगळं समजतं, पण मी मराठीत विचारायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं, असा आमचा कित्येक वर्षांचा करार. जेवताना मी चित्राला ‘काजळकोट’ मोठ्याने वाचून दाखवायचो. ही कानात बोंडं घालून मोबाइल बघत बसायची. एके दिवशी मी पाणी प्यायला थांबलो तर म्हणाली, ‘रुके क्यों? आगे?’ बोंडं कानात होती, आवाज बंद होता! पुढे पुढे तिला माझ्या वाचनाची गती पुरेना, तेव्हा पुस्तक ओढून घेऊन अक्षरावर बोट ठेवत वाचायला लागली. दुसऱ्या भागाच्या शेवटी भिवरी शेवटचा मोठा दिवा लावते आणि त्यात तिच्या आईची भाषाच जळून जाते. आई समोर उभी राहून हाक मारते आणि हिला तो नुसता आवाज वाटतो. ते वाचून ईश्वरी ताटावरून उठली. हात धुऊन आली आणि मला म्हणाली, ‘बाबा, वो बचेगी ना? पक्का?’ मी म्हटलं, पक्का.

बोलून बसलो, आत्या. तिसरा भाग हातात नसताना.

कारण तिसरा भाग आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या पुस्तक-चक्रात होता. इथले निम्मे सभासद फौजी, त्यामुळे नियम असा की ज्याची बदली निघाली त्याला पुस्तक आधी द्यायचं. विंग कमांडरांच्या इंद्रायणीबाईंना तेजपूरची ऑर्डर आली, म्हणून तिसरा भाग थेट त्यांच्याकडे गेला. पुढे तो कुणाकडे आहे असं विचारलं की प्रत्येक जण म्हणे, ‘माझा वाचून झाला, पुढे दिला.’ मीही तेच म्हणत होतो. कारण कालच्या चर्चेचा अध्यक्ष मी, आणि अध्यक्षाने शेवट वाचलेला नाही ही गोष्ट फार दूर जाते.

चर्चा छान रंगली. कर्नलांच्या आनंदीबाईंनी किल्ल्याच्या बंदोबस्तातल्या चुका काढल्या (दिंडी दरवाजा बाहेरच्या बाजूला उघडतो, हे मलाही खटकलं होतं), पण तिसऱ्या भागातला शेवट ‘अपरिहार्य’ आहे म्हणाल्या. शेजारच्या खरड गावाहून आलेला सौमित्र, आयटीतला, नांदेडचा, म्हणाला, छे, अपरिहार्य कसला, शेवट तर एकदम मोकळा सोडलाय, तीच तर मजा. मी समारोप केला की शेवटी तेलाचा आणि वातीचा हिशेब लेखिकेने चोख ठेवला आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून ईश्वरी उभी राहिली आणि अडखळत, पण मराठीत, आत्या, शंभर टक्के मराठीत म्हणाली, ‘ते सगळं ठीक आहे. पण भिवरी जगते की मरते? एवढंच सांगा.’

आनंदीबाई सौमित्रकडे बघताहेत, सौमित्र माझ्याकडे. मी म्हटलं, ‘जगते.’ आनंदीबाई म्हणाल्या, ‘मी तेच म्हणत होते.’ सौमित्र म्हणाला, ‘करेक्ट.’

चित्रा पोह्यांच्या पातेल्यापाशी होती. तिने डाव बाजूला ठेवला आणि शांतपणे इंद्रायणीबाईंना फोन लावून स्पीकर चालू केला. बाई तेजपूरहून ओरडल्या, ‘अगो, तिसरा भाग होय? तो मिक्सरच्या ट्रंकेत आहे! मिक्सर हलू नये म्हणून खाली तेवढ्याच जाडीचं काहीतरी हवं होतं. सामान अजून पोचलं नाही. मीही नाही वाचला. कसा आहे शेवट?’

थोडक्यात, आत्या, तिकडच्या वाचकांचं मत असं की त्रयी उत्कृष्ट आहे, आणि तिसरा भाग तर सर्वांत सरस.

तुझा,
श्रीराम

ता. क. तिसऱ्या भागाची दुसरी प्रत मिळाली तर वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठव, घरच्या नको.

ता. क. २. तुझ्या चिठ्ठीत ‘तिसरा भाग संपवून दोन दिवस जेवण गेलं नाही’ असं वाक्य होतं. ते भिवरीमुळे असेल तर पुस्तक पाठवू नकोस. काल पोह्यांआधी ठराव झाला आहे, ‘दिवेकरीण भिवरी शेवटी जिवंत राहते असे ही सभा एकमताने ठरवते.’ सूचक मी, अनुमोदक सौमित्र. आता लेखिकेलासुद्धा काही करता येणार नाही.

आत्याआजी, मी ईश्वरी. बाबा पाकीट आणायला खाली गेलेत, म्हणून पटकन लिहिते. तिसरा भाग माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव, पत्ता मागे लिहिलाय. ती मरत असली तरी पाठव. मी आधी वाचीन आणि मग बाबांना सांगीन, हळूहळू. त्यांना एकदम झेपणार नाही. आणि शालीचं आईला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.