चालू गाडीची किल्ली

प्रिय बाबा,

एकाच घरात राहून, दिवसभर एकाच दुकानात समोरासमोर बसून ही पत्र कसलं लिहिते, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतंय. तुम्ही आत्ताच सलूनचे दोन मोठे आरसे पोचवायला गेलात. आई काउंटरवरची काच पुसतेय आणि मी मागच्या काच कापायच्या टेबलावर, लोखंडी पट्टीखाली कागद दाबून लिहितेय. आईला वाटतंय, मी गाडीचा तक्ता पूर्ण करतेय. तसं म्हटलं तर तेच करतेय.

उद्या अकरा वाजता शोरूममध्ये सही करायची आहे. नवी पिकअप गाडी डिझेलची की पेट्रोलची, हे मी ठरवायचं असं तुम्ही जाहीर करून मोकळे झालात. "घरात शिकलेलं माणूस असताना आपण कशाला डोकं शिणवायचं?" आपल्या घरात पहिली पदवी आली त्या दिवसापासून विजेच्या मीटरपासून आईच्या गुडघ्याच्या गोळ्यांपर्यंत सगळं माझ्यापुढे येऊन पडतं. बाबा, मी इतिहास शिकले. इंजिनावर आम्हाला एकच परिच्छेद होता, तोही वाफेच्या. पण तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमचे प्रोफेसर सांगतील ती गाडी" असं इतक्या ऐटीत सांगता, की मला कळत नाही हे म्हणण्याची हिंमतच होत नाही.

म्हणून मी तक्ता केला. डाव्या बाजूला डिझेल, उजव्या बाजूला पेट्रोल. तीन आठवडे झाले, दोन्ही बाजू सारख्याच भरल्यात. डिझेलला कमी वेगातही जोर असतो, म्हणजे काचा उभ्या ठेवायची लाकडी घोडी भरून हॉस्पिटलचा चढ चढताना धाप लागणार नाही. हे डावीकडे. पण नव्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवायला जाळी असते आणि ती साफ राहायला गाडी अधूनमधून लांबवर, वेगात पळावी लागते. आपल्या फेऱ्या या गल्लीतून त्या गल्लीत. जाळी तुंबणार. हे उजवीकडे. पेट्रोलची गाडी छोट्या फेऱ्यांना बरी, घ्यायला स्वस्त, पण भरल्या अंगानं चढावर निघाली की पेट्रोल ढोसत जाते. पुन्हा डावीकडे. शोरूममधला तो टायवाला तर दर वेळी मीच शेवटचं जे बोलले असेन त्याला "अगदी बरोबर, मॅडम" म्हणतो. दोनदा मी मुद्दाम उलट बोलून पाहिलं, तरी बरोबरच.

खरं तर माझं मत आधीच पेट्रोलकडे झुकलेलं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. कॉलेजात मी धुराविरुद्ध फलक रंगवले होते, आठवतं? तुम्ही आपल्या जुन्या डिझेल गाडीतूनच ते नेलेत. वाटेत तुम्ही एक फलक वाचलात आणि विचारलंत, "यात आपलीही आली का गं?" मी मान ताठ करून हो म्हटलं. तुम्ही खो खो हसलात, "मग उतर आणि चालत जा." आणि कॉलेजच्या एक वळण आधीच गाडी थांबवलीत. मैत्रिणींसमोर मी काळ्या धुरातून उतरू नये म्हणून. मी तसं सांगितलं नव्हतं. मनात मात्र होतं. तुम्हाला कसं कळलं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

गेल्या शुक्रवारी आपण दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. तिथून माझा तक्ता पार विस्कटला. डिझेलच्या गाडीत बसल्याबरोबर तुम्ही डावा तळवा गिअरच्या दांड्यावर ठेवलात आणि क्षणभर डोळे मिटलेत, वैद्य नाडी बघतात तसे. मग म्हणालात, "ही बोलते." टायवाला खूश झाला. नंतर पेट्रोलच्या गाडीत बसलात. इंजिन त्यानं आधीच चालू करून ठेवलं होतं. तुम्ही दांड्यावर हात ठेवलात, थोडं थांबलात आणि किल्ली फिरवलीत. चालू इंजिनावर. कर्रर्र असा आवाज झाला की पलीकडचा रखवालदारसुद्धा दचकला. टायवाला ओरडला, "काका, चालूच आहे!" तुम्ही हसून म्हणालात, "अहो, ही गाडी आहे का मांजर? पायात आली तरी कळायची नाही." सगळे हसले. मीही हसले, बाबा. ते हसू मला आता परत घ्यावंसं वाटतं.

कारण परत येताना मला काहीतरी आठवायला लागलं आणि ते थांबेचना. पूर्वी मागे काच तडकली तर पुढे चालवताना तुम्हाला कळायचं. जुन्या इंजिनाच्या खडखडाटातही ती बारीक टिक ऐकून तुम्ही गाडी बाजूला घ्यायचात आणि दरवेळी खरंच कोपऱ्यात केसाएवढी रेघ निघायची. लहानपणी मला वाटायचं, काच तुमच्याशी बोलते. गेल्या दोन महिन्यांत तीन आरसे गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन तडकलेले निघाले. तुम्ही रस्त्याला शिव्या दिल्यात. रस्ता मात्र वर्षानुवर्षं तोच आहे. मग तो मोटरसायकलवाला आठवला. बराच वेळ मागून हॉर्न वाजवत होता, शेवटी शेजारी येऊन नको ते बोलून गेला. तुम्ही म्हणालात, "हल्ली लोकांना फार घाई." मी तुमच्या शेजारी बसले होते. तेव्हा मला वाटलं, केवढा शांत माणूस आहे आपला बाप!

काहीच उमगेना म्हणून मी सोमवारी मिस्त्रीकाकांकडे गेले. आपल्या गाडीला बारा वर्षं हात लावणारा माणूस, तो तरी सरळ सांगेल. मी तक्ता उघडला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "डिझेल घे." मी जाळीचं सांगितलं. "तुंबू दे, मी आहे ना." मी धुराचं सांगितलं. "बाई, पेट्रोल घेशील तर तो घरी बसेल." मी विचारलं, का? त्यांनी कापडानं हात पुसले, पुन्हा पुसले आणि म्हणाले, "ते बापाला विचार. मी शब्द दिलाय." कसला शब्द, कुणाला, काही नाही. मी तशीच परत आले.

त्या दुपारी तुम्ही याच टेबलावर पाठमोरे काच कापत होतात. मी मागे उभी राहिले आणि बाबा अशी हाक मारली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा तर समोरच्या टेलरनं मान वर केली. तुम्ही पट्टी सरकवत होतात. मग मी इथल्या लाकडी जमिनीवर पाय आपटला. तुम्ही लगेच वळलात, "काय गं?" मी पुढे जाऊन उगाचच आरसा पुसत बसले.

तेव्हा आपल्या दुकानातली ती पाटी माझ्या डोळ्यांपुढे आली. दीड वर्षापूर्वी तुम्ही एकदम नियम केलात : माप तोंडी सांगू नये, लिहून द्यावे. पाटी माझ्याच अक्षरात आहे. मला किती अभिमान वाटला होता! वाटलं, माझ्या शिक्षणाचा दुकानाला उपयोग झाला, बाबा आता पद्धतशीर काम करायला लागले. मैत्रिणींना सांगितलंही. तुम्ही मला ते वाटू दिलंत. ती पाटी मी कशासाठी रंगवतेय, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही शेजारी उभे राहून "अक्षर मोठं काढ गं, प्रोफेसर" म्हणत होतात.

मला राग आलाय का? माहीत नाही. मी तक्ता पुन्हा मांडून पाहिला. डिझेल घेतली तर इंजिन तुमच्या तळव्याला ऐकू येईल, तुम्ही पूर्वीसारखे ऐटीत चालवाल आणि कुणाला काही कळणार नाही. पण हॉर्न तळव्याला ऐकू येत नाही, बाबा. रस्त्यात धावत आलेल्या कुणाची हाकही येत नाही. मग ते डिझेल म्हणजे मी तुमच्या लपवाछपवीवर केलेली सही. पेट्रोल घेतली तर तुम्ही दर चौकात चालू गाडीची किल्ली फिरवाल, लोक हसतील आणि एक दिवस तुम्ही किल्ली खिळ्याला अडकवून घरी बसाल. मग ते पेट्रोल म्हणजे मी तुमच्या हातून काढून घेतलेली गाडी. कालपर्यंत मला वाटायचं की खरं बोललं की गुंता सुटतो. खरं कळल्यापासून माझा गुंता वाढलाय. मिस्त्रीकाका चुकले का? तुम्ही चुकलात का? शेजारी बसून दीड वर्ष मला कळलं नाही, ती मी तर नक्कीच चुकले. तुम्हाला माझी न सांगितलेली लाज एका वळणाआधी कळली होती.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. हळू बोलले असते तर तुम्हाला ऐकू आलं नसतं आणि तुम्ही नेहमीसारखं "हो हो" म्हणाला असतात. मोठ्यानं बोलले असते तर टेलरनं, आईनं, अख्ख्या गल्लीनं ऐकलं असतं. आणि नियम तुमचाच आहे, तोंडी सांगू नये. म्हणून लिहून देतेय. उद्या अकराला शोरूममध्ये नको, कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ या. फक्त आपण दोघं. जुनीच गाडी काढू, चालवायची मी, तुम्ही शेजारी बसायचं आणि माझी गिअर बदलायची पद्धत बघून हवं तेवढं हसायचं. गाडी कुठली घ्यायची ते डॉक्टरांचं ऐकल्यावर बघू. तोवर तक्त्याखालची निकालाची ओळ कोरीच राहू दे. आईला तुम्ही सांगायचं, मी नाही. हे पत्र मापांच्या वहीत उद्याच्या पानावर ठेवतेय, म्हणजे तुमच्याशिवाय कुणाच्या हाती लागणार नाही. माझ्याशी काही बोलायची गरज नाही. यायचं असेल तर त्या पानावर, जिथे गिऱ्हाइकाचं माप लिहिता तिथे, "अकरा" एवढं लिहा. मोठ्या अक्षरात.

तुमचीच,
प्रोफेसर